मोडीतून बचावलेली नाणी : कामाच्या नोंदी

२ जून

मामांनी कोल्हापूरच्या गुजरीतली, म्हणजे सराफ बाजारातली, पेढी बंद करायचं ठरवलंय. काटे, मुशी, हिशेबाच्या वह्या यांच्या वाटण्या झाल्या आणि तिजोरीच्या तळातला पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. आजोबांच्या काळापासून मोडीत आलेली, पण 'जरा वेगळं दिसतंय' म्हणून आटवायची राहिलेली नाणी त्यात आहेत. दीडशेच्या वर सहज असतील. हुपरीच्या चांदीकामात किती जुने रुपये वितळून गेले त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यातून सुटलेला हा डबा.

प्रत्येक नाणं ओळखायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि शेवटी नीट ठेवायची सोय करायची, असं ठरलं. मामांचं म्हणणं एवढंच, "लाखाचं एखादं हाय का तेवढं बघ."

माझा धंदा उद्यमनगरातला, पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि डायचा (ठशांचा). त्यामुळे नाण्याकडेही मी मालाची तपासणी करावी तसंच बघणार: आधी हे कसं तयार झालं, मग कुणाचं. राजाचं नाव कुणालाही उठवता येतं. पण ठोकून उठवलेल्या धातूची आणि ओतलेल्या धातूची कातडी एकसारखी करणं फार अवघड.

५ जून

हत्यारं जमवली. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, दहा पट भिंग, चुंबक आणि व्यास मोजायला प्लास्टिकचा व्हर्नियर. कारखान्यातला स्टीलचा व्हर्नियर इथे नको, त्याच्या जबड्याने चांदीवर चरा उठतो. टेबलावर जाड फडकं अंथरलं. नाणं धरायचं ते कडेनं, दोन बोटांत. तोंडावर अंगठा टेकवायचा नाही, कारण घामाचा डाग आज दिसला नाही तरी काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो.

मामी चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन आल्या. "समई घासतोस तशी घास की, लख्ख निघतील." तिथल्या तिथे नियम करून टाकला: या घरात एकही नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काही नाही. तांब्यावरचा गडद थर म्हणजे मळ नव्हे. धातूच्याच वरच्या पापुद्र्याचं ते रूपांतर आहे. आम्ल लावलं की तो थर जातो आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही थोड्या जातात. मागे उरतं ते गुलाबी, कच्चं तांबं. जाणकार गिऱ्हाईक ते लांबूनच ओळखतं आणि किंमत तिथेच पडते. मामींना पटलं नसावं, पण कोळ आमटीत गेला.

९ जून

चांदीचे रुपये वेगळे काढले. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळीकडे एकसारखं नाणं सुरू केलं तेव्हा रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के. एक तोळाही तेवढाच, म्हणून तर जुने सराफ रुपया वजन म्हणून पारड्यात टाकत आणि 'रुपयाभार' म्हणत. मामांच्या वडलांचा वजनाचा रुपया डब्यातच सापडला. कडा अगदी गुळगुळीत, राणीचं नाक गेलेलं. वजन ११.४१. वजनाचा रुपया झिजला की तोळा कुणाच्या बाजूनं झुकतो, हे मामांना विचारलं. हसले आणि चहा सांगितला.

व्हिक्टोरियाच्या रुपयांवर आधी 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ साल असलेले बरेच निघाले. ते सगळे १८६२ मधले नसतात. तोच आकडा ठेवून टांकसाळी १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिल्या आणि मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले. भिंगाखाली तारखेच्या आसपास ते मोजता येतात. पण झिजलेल्या नाण्यावर खरा ठिपका कुठला आणि ठेच लागून उठलेला टेंगूळ कुठला, हे ठरवायला उजेड आडवा धरावा लागतो. डायमध्ये कोरलेला ठिपका गोल असतो, त्याच्या पायाशी कडा स्वच्छ असते. टेंगळाला एका बाजूनं खळगा असतोच, कारण धातू कुठून तरी सरकून आलेला असतो.

काही रुपयांच्या कडेवर डाग दिलेला, म्हणजे झाळलेलं, दिसलं. कडी लावून गळ्यात घातलेले हे रुपये, नंतर कडी काढून मोडीत आलेले. नोंदीत 'दागिन्यातून' एवढं लिहिलं.

१३ जून

आजचा दिवस मामांना आवडणार नाही.

१९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया मामा चांदीचा समजत होते. चुंबकाला टपकन चिकटला. १९४७ चे रुपये शुद्ध निकेलचे आहेत आणि निकेल चुंबकाला लागतं. खोटा नाही, खराच आहे, फक्त चांदी नाही. त्याच्या आधीचे, १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे, उरलेलं बहुतेक तांबं. त्यांची कडा बघावी, दात्यांच्या मधोमध एक खोबण फिरवलेली आहे.

मग १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. हा दुर्मीळ म्हणून सगळ्यांना माहीत, आणि म्हणूनच याच्या नकलाही उदंड. मामांनी तो वेगळ्या रेशमी पुडीत ठेवलेला. चुंबकाला लागला नाही, पण तेवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही लागत नाहीत. वजन १०.९२. इतक्या कमी झिजलेल्या नाण्याला हे फारच कमी.

पाण्यातली घनता काढली. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं शिवणाच्या दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत सोडायचं, तळाला आणि कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरडं वजन भागायचं. चांगला १९१८ चा रुपया: ११.५८ भागिले १.१२, म्हणजे १०.३. बरोबर. १९४२ चा: साडेनऊच्या आसपास. तोही बरोबर. १९३९ चा: १०.९२ भागिले १.२५, म्हणजे ८.७. चांदी म्हणावी तर आकडा कुठेच बसत नाही.

भिंगाखाली बघितल्यावर तर काट्याची गरजही नव्हती. राजाच्या गालावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. आमच्याकडे त्याला ब्लोहोल म्हणतात, ओतताना वायू अडकला की होतात. अक्षरं जमिनीतून सरळ उभी न राहता गोलाईनं उतरतात. कडेवर एके ठिकाणी दाते बुजलेले, कानस फिरवून पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन अर्धांच्या जोडाची रेघ, घालवलेली. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाखाली डायच्या कोपऱ्यात घुसतो, म्हणून कोपरे धारदार येतात आणि मोकळ्या जागेवर रेशमासारखी चकाकी फिरते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, कोपरे आधी सोडतो.

मामांना सांगितलं. "आबांनी घेतला हुता त्यो," एवढंच म्हणाले. आबांचा, म्हणजे त्यांच्या वडलांचा, राग आला की माझा, ते कळलं नाही.

१७ जून

शिवराया, म्हणजे शिवराई नाणी. तांब्याच्या, डब्यात सगळ्यात जास्त याच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. वजनं साडेआठ ते साडेबारा ग्रॅमपर्यंत कुठेही. एकीवरही पूर्ण मजकूर नाही.

हे पाहून नवखा माणूस निराश होतो. पण इथेच कारखान्याची नजर कामाला येते. चकती हातानं तोडलेली, वेडीवाकडी, आणि डाय तिच्यापेक्षा मोठा. ऐरणीवर ठेवून घण घातला की डायचा जेवढा भाग चकतीवर येईल तेवढाच उठणार. म्हणून कुणावर 'राजा' आहे तर 'शिव' अर्धाच, कुणावर मण्यांची किनार एका अंगाला. चकतीच्या काठावर घणानं पडलेल्या चिरा दिसतात, त्या चांगल्या. बाजारात जी गोल गरगरीत, पूर्ण अक्षरांची, मधोमध बसलेली शिवराई 'एकदम क्लीन पीस' म्हणून मिळते, तिच्यावर मी पहिल्यांदा संशय घेईन.

आणखी एक खूण. डब्यातल्या दोन शिवरायांच्या 'त्र' खाली हुबेहूब सारखी ठेच आहे, तोच कोन, तीच लांबी. डायला चीर असेल तर ती प्रत्येक नाण्यावर उंचावून येते. पण ठेच, म्हणजे खोल गेलेली जखम, वापरात लागते आणि दोन नाण्यांना एकाच जागी एकसारखी लागत नाही. दोन्ही एकाच नाण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या. दोन्ही वेगळ्या काढल्या.

शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची मानतात हे खरं, पण त्याच मजकुराचं नाणं पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशवाईच्या काळातही पडत राहिलं. मजकुराच्या मधून दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही तशीच नंतरची. 'महाराजांच्या हातची' असं सांगून प्रत्येक शिवराई विकणाऱ्याला एवढंच विचारावं, कशावरून? अक्षरांचं वळण, मण्यांची ठेवण आणि वजन यावरून थोडाफार काळ लावता येतो. मी नोंदीत 'शिवराई, काळ खुला' लिहिलं. दुदांड्या वेगळ्या.

फारसी मजकुराचे रुपये तसेच बाजूला ठेवलेत. त्यावर नाव मोगल बादशहाचं असतं, पण मराठी मुलखातल्या टांकसाळीही तेच नाव घालत. त्यामुळे नावापेक्षा खुणा महत्त्वाच्या. एकावर अंकुश स्पष्ट आहे. बाकीचे फारसी वाचणाऱ्या सरांकडे न्यायचे.

२१ जून

किरकोळ माल उरकला. गोव्याचे पोर्तुगीज पाव टांगे, म्हणजे तिथल्या 'टांगा' नाण्याचे पाव (आपल्याकडे ते असणारच, घाट उतरला की गोवा), चारमिनारवाले हैदराबादी, १९४३ ते ४७ चे भोकाचे पैसे, १९५७ नंतरचे 'नये पैसे'. १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गेला. दशमान नाण्यांवर तारखेखालची खूण बघायची: मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कलकत्त्याला काहीच नाही.

२४ जून

आज जे हाती लागलं त्यासाठी दुपारचं जेवण राहिलं.

पंचम जॉर्जचा पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा, ब्राँझचा. एका बाजूला राजाचा मुखवटा नीट उठलेला. उलटा केला तर मागे वर्ष नाही, मजकूर नाही, तर तोच मुखवटा, आत खोल गेलेला आणि आरशातल्यासारखा उलटा. मामांच्या वडलांनी 'वेडा पैसा' म्हणून ठेवलेला.

हे कसं होतं ते प्रेसवर काम केलेल्याला लगेच उमगेल. आधीचं नाणं ठोकून झालं पण बाहेर पडलं नाही, एका डायला चिकटून बसलं. पुढची चकती आली. तिच्या एका अंगाला खरा डाय, दुसऱ्या अंगाला ते अडकलेलं नाणं. अडकलेल्या नाण्यावरचा उंच मुखवटा नव्या चकतीत खोल उमटला. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात.

पण हेही व्हाइसमध्ये घरी करता येतं. दोन पैसे एकमेकांवर ठेवून दाबले की एकाचा ठसा दुसऱ्यात उतरतो. म्हणून तासभर तेवढंच बघत बसलो. व्हाइसमध्ये दाबलं तर बाहेरच्या बाजूचा मुखवटा चेपतो, आणि आतला ठसा जुन्या मजकुराच्या वर बसतो, खाली वर्षाचे आकडे भुतासारखे राहतात. इथे समोरचा मुखवटा धारदार आहे, मिशीचे केसही दिसतात. मागची जमीन स्वच्छ, आधीच्या मजकुराचा मागमूस नाही. ठसा काठापर्यंत पूर्ण. वजन ४.८३, म्हणजे ४.८६ च्या प्रमाणाला धरून. माझ्या मते खरा.

मामांना दाखवला. "ह्याचं कोण काय देणार?" १९३९ पेक्षा जास्त, एवढंच सांगितलं.

३० जून

मामींच्या देवघरात हळद-कुंकू लावलेलं एक जाड तांब्याचं नाणं आहे. एका बाजूला राम दरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८. असं नाणं कंपनीने कधी पाडलं नाही. नंतर कुणीतरी यात्रेकरूंसाठी आणि भोळ्या गिऱ्हाइकांसाठी काढलेली ही टोकनं आहेत, वेगवेगळ्या सालांची, गाडाभर. देवघरात आहे ते देवघरातच राहू दे असं म्हटलं. नोंदवहीत त्याला नंबर नाही.

पेढी आवरतीय ही बातमी फिरली आहे. एक गृहस्थ आले, विचारतात, "तांदूळ ओढणारं नाणं हाय का?" तांब्याचं जुनं नाणं तांदळाचे दाणे ओढतं, त्यात अंतराळातला धातू असतो, कोट्यवधीला जातं, ही फसवणूक अजून चालतेच आहे. तांब्याला तांदूळ ओढायचं काही कारण नाही. दाण्यांत लोखंडाचा कीस भरलेला असतो किंवा नाण्यामागे चुंबक. आधी 'तपासणी फी' मागतात आणि तीच घेऊन जातात.

दुसरा फोन: तुमच्या नाण्याला लाखो रुपये, रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, तेवढं कमिशन आणि कर आधी भरा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती नसते आणि कुणाकडून कसली फी घेत नाही. मामांचा फोन आता माझ्या मामेभावाकडे असतो.

६ जुलै

पाऊस लागला. आता ठेवण्याचं काम.

डब्यातली बरीच नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत होती. पाकीट उघडलं की पावसाळी चपलांच्या दुकानात येतो तो वास. पीव्हीसी. मऊपणासाठी घातलेलं तेल सुटतं, प्लास्टिक सडताना आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप बसतो. काही रुपयांवर तो बोटाला लागत होता. यावर उपाय शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं रंगीत पाणी नव्हे. काचेच्या वाटीत, गच्चीवर, आसपास विस्तव नाही अशा जागी. नाणं बुडवून ठेवायचं, बाहेर काढायचं, पुन्हा ताज्या ॲसिटोनमध्ये, आणि हवेवर वाळू द्यायचं. पुसायचं नाही. ॲसिटोन धातूला हात लावत नाही, तेलकट लेप तेवढा नेतो. मामी म्हणाल्या, "हे धुणं न्हवं व्हय?" धुणं आहे, घासणं नाही.

आता प्रत्येक नाणं मायलारच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या, कडक पाकिटात. पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवलेल्यांच्या स्टेपलच्या पिना पक्कडीनं चपट्या केल्या, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा.

दोन शिवरायांवर फिकट हिरवी, टोकरली की भुकटी होणारी फुलं आहेत. गडद, घट्ट हिरवा थर निरुपद्रवी असतो. ही भुकटी मात्र क्षारामुळे येते, दमट हवेत परत परत उगवते आणि तांबं आतून खाते. त्या दोन्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी बदलत ठेवल्या आहेत. बऱ्या होईपर्यंत बाकीच्यांत मिसळायच्या नाहीत.

१५ जुलै

एका चिंधीत राखाडी, वजनदार, ओबडधोबड चकती होती. शिशाची. आडव्या उजेडात एका बाजूला धनुष्यबाण जाणवतो, दुसऱ्या बाजूला कमानीवर कमानी रचल्यासारखी टेकडी. कोल्हापूर परिसरात विळिवायकुर, शिवळकुर या राजांची शिशाची नाणी सापडली आहेत, त्यांच्यावर हीच चिन्हं असतात. सातवाहन काळातली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथलीच पोसायडनची ब्राँझची मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव! गावातल्या किती जणांनी पाहिलीय कोण जाणे.

चकतीवर मजकूर उरलेला नाही, म्हणून नोंदीत 'शिसे, धनुष्यबाण, कुर नाण्यांसारखे' एवढंच. कडेला पांढरी भुकटी धरली आहे. शिशाला लाकडातून, प्लायवूडमधून, पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ चालत नाही, त्यानं ते पांढरं होत होत झडून जातं. म्हणून हे नाणं पुठ्ठ्यात नाही, छोट्या काचेच्या डबीत. हात लावला की साबणानं धुवायचे, भुकटी पोटात जाता कामा नये.

मामांना विचारून घेतलं, हे जमिनीतून कुणी काढून आणलं होतं का? आबांच्या वेळेपासून आहे, पुढचं माहीत नाही. आज कुणाला नांगरताना, पाया खणताना असं काही मिळालं तर १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या किमतीच्या दडलेल्या ठेव्याची खबर कलेक्टरांना द्यावी लागते. एक-दोन नाणी उचलून खिशात घातली की ती कुठे, कशासोबत होती ही माहितीही कायमची जाते.

२५ जुलै

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून निर्णय घ्यायची वेळ आली. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते ओळखीच्या दुकानदारांनी भिंतीवर रेघ मारून ठेवलंय. तळमजल्यावरचं लॉकर घेणार होतो, ते रद्द. चोरापासून वाचवायचं आणि नदीला द्यायचं, असं नको. दुसऱ्या मजल्यावर लॉकर असलेली शाखा बघितली.

लॉकरमध्ये हवा कोंडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळी गोळी गुलाबी झाली की ती आमच्या कोअर ओव्हनमध्ये (ओतकामाचे वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीत) तापवून पुन्हा कोरडी करायची. सोबत डांबरगोळ्या नकोत, कापूर नको, रबरबँड तर नकोच. रबरातलं गंधक चांदी काळी करतं, आणि रबरबँडची आडवी काळी रेघ असलेले दोन रुपये डब्यातच आहेत.

३ ऑगस्ट

यादी पुरी झाली. प्रत्येक नाण्याचा नंबर, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मोजपट्टीसह फोटो, कडेचं वर्णन, दोष. नंबर पाकिटावर, नाण्यावर काहीही लिहिलेलं नाही. यादीची एक प्रत माझ्याकडे, एक मामेभावाकडे, लॉकरमध्ये एकही नाही. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला यादी बाहेर हवी. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी विकायला १९७२ च्या कायद्यानं मनाई आहे, हे मामेभावाला दोनदा सांगितलं, कारण त्याचा मित्र दुबईत आहे.

१९३९ चा रुपया आणि त्या जुळ्या शिवराया लाल शाईत 'नक्कल' लिहून वेगळ्या पाकिटात. त्या मी कारखान्यात ठेवणार. नव्या पोरांना ओतीव आणि ठोकीव यातला फरक दाखवायला याहून सोपा नमुना मिळणार नाही.

वेडा पैसा विकायचा की ठेवायचा यावर मामा आणि मामी यांचं अजून ठरत नाही. फारसी रुपये घेऊन येत्या रविवारी सरांकडे जायचंय.